अकरा सेकंद

नेब्रास्कात, मक्याच्या शेतामागे,
मार्लिसच्या ड्राइव्ह-इनला
ऑगस्ट संपता संपता दरवर्षी तोच सिनेमा:
आइस्क्रीमच्या गाडीचा रिव्हर्स गिअर अडकतो
आणि अख्खं कुटुंब एकोणीसशे एकतीसमध्ये,
जिथे आजोबा दहा वर्षांचे, गुडघे फुटलेले,
स्वतःच्या नातवाकडे पाच सेंट उसने मागतात.

संवाद पडद्याच्या आधी
गाड्यांच्या खिडक्यांतून येतात.

चौथ्या रिळात मात्र उडी होती.
सत्त्याऐंशी साली फिल्म जळाली,
बापाने कापून चिकटवली.
आजोबा नाणं घेतात, आणि एकदम
टपावर कोंबडी!
पोरं त्या उडीलाच लोळून हसायची.
मधे काहीतरी होतं, असं कुणी परगावचा म्हणाला
तर त्याला वेड्यात काढायची.

नऊ वर्षांची मार्लिस नातवाच्या बाजूची होती.
पुढे आईच्या. ती बिचारी सिनेमाभर
एक बूट शोधत फिरते.
आता गुडघे आजोबांचे.

यंदा नवी प्रत आली, तळहातावर मावणारी, अखंड.
नाणं दिसताच गाव सवयीने हसलं
आणि हसू पोकळीत पडलं,
कारण तो पोरगा अजून तिथेच होता.
मूठ मिटलेली. वळला.
नातवाकडे बघत राहिला अकरा सेकंद,
जशी ओळख आधीच पटलीय
आणि भेट अजून व्हायचीय.

कुणी हॉर्न वाजवला नाही.
वर, प्रोजेक्टरच्या खोलीत, मार्लिसने
बापाची कात्री उघडली, मिटली, उघडली.

मग आली कोंबडी.