उरूस

नाव विचारलं तर म्हणाला, उर्स.
आमच्या गल्लीनं ऐकलं उरूस,
आणि अकरा महिने तो तेच राहिला.
शिरोलीच्या फाउंड्रीत मशीन बसवायला आलेला,
राहायला वरच्या खोलीत, जेवायला खाली माझ्या खानावळीत,
पंख्याखालचं टेबल, भिंतीकडं पाठ.

पहिल्या दिवशी तांबडा वाढला.
दुसऱ्या घोटाला कानापर्यंत लाल.
वाटी मात्र रिकामी केली, धन्यवाद म्हणाला,
आणि मागच्या नळाखाली डोकं धरून
बराच वेळ उभा राहिला.
त्यानंतर मी त्याला पांढराच द्यायची, न विचारता.

एका सोमवारी दुपारी दारात येऊन उभा.
चूल पाहिजे, म्हणाला. एका जेवणापुरती.
कोंबडी पाहिजे.
सोमवारी न्हाई शिजायची, म्हटलं.
मग बुधवारी, म्हणाला.
वार कळायला लागले होते त्याला.

यादी चित्रं काढून दिली.
अननस मला मक्याचं कणीस वाटलं.
केळी, लोणी, साय. गंगावेशीतनं म्हशीचं दूध आणलं,
तापवून रात्रभर ठेवलं, बोटभर जाड साय धरली.
चेरी बेकरीतनं, केकवरची.
अननस डब्यातलाच हवा म्हणाला,
मंडईत ढिगानं ताजा पडलेला असताना!
त्याची आई डब्यातलाच घ्यायची.
तांदूळ आजऱ्याचा घनसाळ. तेवढं माझं.

मसाला त्याचा त्यानं काढला बॅगेतनं.
पिवळा पत्र्याचा डबा, वर हत्ती,
खाली इंग्रजीत मद्रास.
आपण पोरीबरोबर वर्षाची चटणी धाडतो सासरी,
तसा त्याच्या आईनं बांधून दिलेला,
इकडं येताना.
भारतात. मसाला.

बापूसोनं झाकण उघडून वास घेतला.
'ह्यात मसाला कुठाय?'

कोंबडी लोण्यात परतली, तांबूससुद्धा होऊ दिली नाही.
डब्यातली चमचाभर पूड, मग साय,
रंग आला हळदीच्या अंगाचा.
केळं उभं चिरून तळलं.
भाताचं आळं केलं, त्यात रस्सा,
वर अननसाची चकती,
चकतीच्या भोकात एक चेरी.
मोजून ठेवल्यासारखी. मशीनवाला माणूस.

ह्याला म्हणत्यात काय?
रीस काझिमीर.
काश्मीर?
नाही, काझिमीर.
आणि हे गाव कुठं आलं?
त्यानं खांदे उडवले.

बापूसो एक घास खाऊन म्हणाला,
'सत्यनारायणाच्या शिऱ्यात कोंबडी पडल्यागत झालंय.'
मी त्याला टेबलाखालून पाय मारला.
उर्सनं पाहिलंच नाही.
घास तोंडात, डोळे मिटलेले,
चमचा हातात तसाच.

मग तो सांगत राहिला, मोडक्या हिंदीत, हातवारे करत.
बाप रेल्वेत सिग्नलवर. बाहेर गुडघाभर बर्फ.
वाढदिवस आला की आई हेच करायची,
खिडकीचे पडदे ओढायची, दिवा लावायची, म्हणायची,
आज आपण भारतात जेवतोय.
तिनं भारत पाहिला तो एवढाच,
अननसाच्या भोकातनं.

अकरा महिने हा माणूस
आपल्या रश्श्यात तो भारत शोधत होता.
अकरा महिने कोल्हापुरात बसून
त्याला भारताची आठवण येत होती.

मी ताट स्वच्छ केलं.
आवडलं म्हणून नाही.
गोड होतं, केळं मऊ पडलं होतं,
जिभेला कुठं धरायला जागाच नव्हती.
पण पाहुण्याच्या आईच्या हातचं
टाकायचं नसतं.

तो गेला. मशीन चाललं म्हणे बरीच वर्षं.
डबा माझ्याकडं राहिला, हत्तीचा एक कान खरवडलेला.
त्यात आता हुक, बटणं, दोऱ्याची रिळं.
परवा साळुंख्यांची थोरली सुई न्यायला आली,
रीळ नाकाला लावून म्हणाली,
काकी, कसला ओ वास ह्याला?

भारताचा, म्हटलं.
तिकडच्या.