खळ

खळ मी करते.
दोन किलो मैदा, एक बादली पाणी,
कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद.
ढवळत राहायचं, तळाला लागू द्यायची नाही.
आयसानेम नुकूसहून आली तेव्हा म्हणाली,
आजी, तयार डिंक मिळतो हल्ली दुकानात.
मिळत असेल.
बावीस वर्षं ह्याच भिंतीआड मी डब्यांना लेबलं लावली,
कुठला कागद कशाला धरतो
ते माझ्या बोटांना विचार.

भिंत मासळीच्या कारखान्याची.
नव्वद पावलं लांब, माझ्या पावलांनी. तिच्या, सत्तर.
छप्पर गेलं, यंत्रं भंगारात गेली,
भिंत तेवढी कुणाला उचलून नेता आली नाही.

मुयनाकमधून लोक येत गेले, पिशव्या घेऊन.
लग्नातले फोटो, कडांना दातरे असलेले.
पिठाची कूपनं, न वापरलेली.
पेर्देबायनं बंद पडलेल्या बोटीची नोंदवही आणली,
तिच्यात शेवटची नोंद: 'वारा ठीक.'
बीबीसारानं आजीच्या किमेशेकची लाल किनार दिली,
अर्धीच. उरलेली म्हणाली माझ्याबरोबर जाईल.
ताङीरबेर्गेन जाळ्याचा तुकडा घेऊन आला
आणि ठेवून जाईना.

एका घरातून चार पत्रं आली.
पणजोबांचं अरबी वळणाचं,
आजोबांचं लॅटिन,
बापाचं रशियन अक्षरांतलं,
पोराचं पुन्हा लॅटिन, पण वेगळं.
बोली एकच. वाचता कुणाला कुणाचं येत नाही.
आयसानेमनं चारही लावली, कडेला कड भिडवून.

मधली तीस पावलं कोरी राहिली.
तिथे समुद्र हवा होता.
गावभर शोधलं, निळा कागद कुणाकडे नव्हता.
रंग मारू या, कुणी म्हणालं.
रंग नको, आयसानेम म्हणाली, कुणीतरी हाताळलेलं हवं.

त्या रात्री मी पलंगाखालची पेटी ओढली.

समुद्र गेला त्यानंतरही कारखाना चालू होता, हे पोरांना माहीत नाही.
मासे आगगाडीनं यायचे, गोठलेले,
ज्यांची नावं आम्हाला उच्चारता येत नसत अशा समुद्रांतून.
आम्ही ते डब्यांत भरायचो
आणि वर आमचंच लेबल:
निळी लाट, उडी मारणारा मासा, गावाचं नाव.
जिन्यावरून वाळू दिसायची.
मी खाली मान घालून चिकटवत राहायचे.
शेवटच्या दिवशी सहा गठ्ठे झग्याखालून घरी आणले.
चोरी म्हणा. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आयसानेमनं गठ्ठ्याची सुतळी सोडली, काही विचारलं नाही.
फक्त म्हणाली, खळ किती लागेल?

अकरा दिवस लागले.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
इथे मीठच रात्री उठून येतं, वाऱ्याबरोबर,
आणि कागदांच्या कडा उचकटतं.
सकाळी पुन्हा बादली, पुन्हा कुंचा.

काल बीबीसाराचा नातू दावरान भिंतीशी उभा होता.
समुद्र बघायचा तर जीपनं अर्धा दिवस,
त्यानं अजून पाहिलेला नाही.
आजी, खोल किती होता?
मी म्हटलं, इथे? सात थर.
चेष्टाच केली होती. त्यानं खरं मानलं.
नखानं एक कोपरा उचलला,
खाली लाट, तिच्याखाली लाट,
जीभ दातांत धरून, मोजत, हळूहळू,
आणि मग पांढरा चुना,
चुन्यावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा,
पाच-पाचच्या जुड्या,
माझ्या पाळीत भरलेल्या खोक्यांच्या.

हे काय, त्यानं विचारलं.

खळ निवत होती.
मी म्हटलं, तळ.
आता हात पूस, आणि धर ती कड.