गेल्या दोन आठवड्यांत

नांतच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
आम्हा दोघांना दोन वेगळे कागद देतात.
तिचा निळा, माझा पांढरा.
मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवा, सोलेन सांगते,
एकमेकांचं बघून लिहायचं नाही,
आणि आझेनोर हसते, म्हणजे खोकते,
म्हणजे आधी हसते.

गेल्या दोन आठवड्यांत
तुमच्या मुलीला जिना चढताना त्रास झाला का?
फार. थोडा. क्वचित. अजिबात नाही.
चार चौकोन, आमच्या मिठागरातल्या वाफ्यांसारखे,
फक्त यांत पाणी कुठून सोडायचं ते कळत नाही.

मी मापाचा माणूस.
एका वाफ्यातून दिवसाला किती किलो,
ओलं मीठ वाळल्यावर किती उतरेल,
पूर्वेचा वारा सुटला की संध्याकाळी
पाण्यावर किती जाड साय धरेल,
हे मी गेरांदच्या बांधावर उभं राहून
नुसतं बघून सांगतो.

ती तीन आठवड्यांची असताना
मारिवॉनने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली,
हात तरी धुवायचेस रे, पोरीला उचलण्याआधी.
मी हात धुतले होते.

आता बारा वर्षं.
भूक? वजन? शाळेचे किती दिवस बुडले?
गोळ्या मी मोजतो, जेवणासोबतच्या, दिवसाला बावीस.
सकाळी मुखवट्यातली वाफ, वीस मिनिटं,
मग गुल्वेन येतो, थंड हातांचा,
बरगड्यांवर तळवे ठेवून तिचा श्वास पिळून काढतो.
बाटलीत मीठ मी स्वतः घालतो, उन्हाळ्यात जास्त.
त्या नव्या गोळ्या बहुतेकांना लागू पडतात.
आझेनोर बहुतेकांत नाही.

बेडक्याचा रंग विचारलाय.
पांढरट, पिवळसर, हिरवट.
रंग मला कळतात. ऑगस्टअखेर
वाफ्यातलं पाणी गुलाबी झालं की मी खूष असतो.
तिथे.

मग सोलेन दोन्ही कागद शेजारी ठेवते.
जिना. माझं: फार. तिचं: अजिबात नाही.
अगं, तिसऱ्या वळणावर रोज थांबतेस की.
तिथे खिडकीत मांजर असतं, पप्पा.

असतं खरं. करडं, एका कानाला चीर.
घरी गेल्यावर पाहिलं.
इतकी वर्षं दप्तर घेऊन तिच्या मागून चढतोय
आणि तिच्या खांद्यांपलीकडे
माझी नजर कधी गेलीच नव्हती.

यातलं खरं कुठलं, मी विचारलं.
सोलेन म्हणाली, दोन्ही लिहून घेतो आम्ही.
सरासरी काढत नाही.

तिच्या निळ्या कागदावर एकाच चौकोनात
पेन दाबून दाबून फुली मारली होती, मागे उमटेपर्यंत.
घरच्यांच्या काळजीचा त्रास होतो का?
फार.
आणि त्याखाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे,
मुंगीएवढ्या अक्षरात:
पप्पा रात्री दाराबाहेर उभा राहतो. फळी वाजते.

परतीच्या वाटेवर ती झोपली.
मी गाडीचा रेडिओ लावला नाही.
ऐकत होतो.

रविवारी हातोडी घेऊन फळीपाशी बसलो.
एक खिळा पुरला असता.
दोन बोटांत धरून बराच वेळ बसलो आणि परत डब्यात टाकला.
वाजू दे.
तिच्याकडेही माझं काही माप असू दे.

आज न्याहारीला, तोंडात गोळ्या, पुढ्यात दूध,
ती म्हणाली,
काल दोनदा वाजली.

मी तीनदा गेलो होतो.