गटार ओलांडताना

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या बोळातून
अंबय्या येमूल दूध आणायला निघतो तेव्हा
गटारापाशी थांबून डाव्या हाताने
निऱ्या उचलतो.
अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. निऱ्या नाहीत.
चाळीस वर्षं झाली, नाहीत.

मी त्याचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर,
वही आणि विझायला आलेली बॅटरी.
घरात तेलुगू, गिरणीत शिव्यांपुरतं मराठी,
आणि स्टेजवर असं बोलायचा
की पुढच्या रांगेतले वकील पान चघळायचे थांबत.
पाळी सुटली की भुवयांवरची पिंज पुसायची,
गाल दोनदा तासायचे,
सफेदा, काजळ, बायकोचं मंगळसूत्र.
ती मोकळ्या गळ्याने विड्या वळत बसलेली.
"परत आणा म्हणजे झालं."

एकदाच अडला.
गिरणीच्या फाटकाला टाळं लागलं त्या रात्री,
तिसऱ्या अंकात, नवऱ्याच्या पत्रापाशी.
मी वाक्य दिलं. पुन्हा दिलं. जरा मोठ्यानं दिलं.
तो कागदाकडे बघत उभा.
पेटीवाला एकच सूर धरून बसला
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की हो!
पेपरात आलं, अबोल दुःखाचा परमोच्च क्षण.
पेपरात माझं नाव कधीच नसायचं,
त्या दिवशी बरंच वाटलं.

मग मिशी ठेवली. सिनेमे.
तेवीस सिनेमे, एकोणीस वेळा मेला,
गोळीनं, क्षयानं, एकदा पोरीच्या लग्नात मांडवातच.
पहिल्यांदा मेला तेव्हा अख्खी पेठ थेटरात,
त्याची आई खुर्चीवर उभी राहून पडद्यावर ओरडली,
"लेय रा, अंबय्या! लेय!"
उठला नाही.
मध्यंतर झालं.

आता टीव्हीवर लागतो कधी, दुपारचा.
आम्ही शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडत बघतो.
तो मरतो.
"हात चुकला," म्हणतो,
"मरणारा माणूस आधी बोटं सोडतो."
बोळातली पोरं येतात, आजोबा, मरून दाखवा,
आणि तो ओट्यावर मरून दाखवतो
एका लिमलेटच्या गोळीवर.

हल्ली नावं विसरतो. पोराचं. माझं.
मी बाजूला बसून हळूच सांगतो,
ओठ न हलवता, जुन्या सवयीनं.
कधी घेतो, कधी नाही घेत.

परवा महापालिकेनं गटारावर फरशी टाकली.
आज सकाळी तो आला, थांबला,
डाव्या हातानं निऱ्या उचलल्या
आणि कोरड्या फरशीवरून
पाणी ओलांडून गेला.