नववा रकाना

मोती तबेल्याच्या फाटकाशी, कलेक्टर कचेरीबाहेर
माझं टेबल. एका पायाखाली वीट,
वर मशीन, वडिलांचंच.

सोमवारी पहलाजमल आले.
चौदा वर्षं व्हिसा वाढवायला यायचे, यंदा थेट
नागरिकत्वाचा अर्ज.
पिशवीत फाइल, फाइलीत प्लास्टिक, प्लास्टिकात
हिरवा पासपोर्ट, मुदत केव्हाच संपलेला.

नाव. बापाचं नाव. जन्मगाव कंधकोट.
धंदा तिथे सायकलींचा, इथे मोबाइलच्या कव्हरांचा.
भराभर सांगत होते, मी टाइप करत होतो.
मग नववा रकाना. स्थायी पता.
"तिथला लिहायचा की इथला?"
इथला, म्हटलं.
"भाड्याचं घर आहे, भिया."

बोटं तशीच राहिली मशीनवर.
माझा कुणी पूर्वज होळकरांच्या पागेत आला होता
घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहायला,
कदाचित याच तबेल्यात.
सात पिढ्या झाल्या.
जिरावण भुरभुरल्याशिवाय पोहे गिळवत नाहीत आम्हांला,
आणि लग्नाची पत्रिका आली की आई अजून विचारते,
देशावरून आली का?
देश म्हणजे साताऱ्याकडचं एक गाव.
आईनं पाहिलेलं नाही. मीही नाही.

हे त्यांना सांगितलं, धीर द्यावा म्हणून.
"म्हणजे सात पिढ्यांतही होत नाही?"
मी कागद सरळ केला. सरळच होता तो.

तेव्हा पिशवीच्या तळातून त्यांनी दुसरा कागद काढला,
नगर निगमचा. सुगणीबाईंचा मृत्यूचा दाखला,
परवाच्या पौषातला.
त्यातही तोच रकाना, आणि भरलेला:
पल्सीकर कॉलनी, गल्ली तीन, इंदूर.

"तिला कुणी काही विचारलं नाही," ते म्हणाले.
"ना साक्षीदार, ना शपथ, ना पोलिसांची चौकशी.
खिडकीतल्या पोरानं लिहून टाकलं,
च्युइंगम चघळत."

मी तो पत्ता दाखल्यात बघून बघून उतरवला.
तीनचा आकडा जरा वर उडतो माझ्या मशीनवर,
ओळीत राहत नाही.
त्यांनी बोट ठेवून वाचलं, दोनदा,
चष्मा खिशात घातला, पुन्हा काढला.

"एक कार्बन जास्त घाल, भिया.
तिची फाइल अजून बंद नाही केली त्यांनी.
मार्चमध्ये नोटीस आली होती तिच्या नावानं,
हजर राहा म्हणून."