विनावापर

फाईल माझ्याच टेबलावरून गेली.
स्टेशनसमोरचा दगडी हौद, लांबी नऊ फूट,
शेरा : विनावापर.
आवटी साहेबांनी हिरव्या शाईत लिहिलं,
मी टाईप केलं, जावक नंबर टाकला
आणि डबा उघडला. भेंडी होती.

पंधरा दिवसांत हौदात माती पडली.
मातीत क्रोटन, क्रोटनभोवती पांढरे गोटे,
वर रात्री पेटणारी अक्षरं : आय लव्ह मिरज.
त्यातला बदाम महिन्याभरात विझला.

टांगे किती उरलेत म्हणता? सात.
बंदेनवाजचा धरला तर आठ.
पण लग्नसराईत त्याची गुलछडी सांगलीला जाते,
कपाळावर तुरा, अंगावर लायटिंग,
मागं जनरेटर, पुढं डीजे.
तिच्या कानांत तो कापसाचे बोळे घालतो.
उरलेला कापूस स्वतःच्या.

मे महिना, दुपारचे तीन.
कोल्हापूर पॅसेंजरनं उतरले,
रिक्षावाल्यानं तोंड फिरवलं म्हणून टांग्यात बसले.
चौक आला आणि घोडी थांबली.
सिग्नल हिरवा. मागं एसटी,
एसटीमागं आंब्याचा टेम्पो, सगळे हॉर्नवर बसलेले.
बंदेनवाजनं लगाम सैल सोडला.
"दोन मिनटं बाई. हितं ती थांबतीच."

तिनं मान खाली घातली,
क्रोटनच्या पानांत तोंड नेलं,
मातीला नाकानं काहीतरी विचारलं.
एक गोटा चाटला.
मग फुर्र करून
मान वर.

"रोज?"
"रोज. पाच वरसं झाली. सांगून ऐकती व्हय."

टांग्यात मागं बसलं की गेलेलाच रस्ता दिसतो.
मला दिसली माझी आई,
पोट धरून याच पाटावर आडवी,
रात्रीचे दोन, मिशन हॉस्पिटल अजून लांब,
आणि टांगेवाला हौदापाशी थांबलेला.
बाबा ओरडले होते.
तो म्हणाला, पळवायचंय ना? मग पिऊ दे.
किती वेळ प्यायचा तो घोडा!
आईनंसुद्धा कण्हणं थांबवून
तो आवाज ऐकला होता.

उतरताना पहिल्यांदा पुढं जाऊन बघितलं.
पट्टा घासून खांद्यावर रुपयाएवढं लाल,
त्यावर हळद आणि खोबरेल.
मागचा डावा पाय ती टेकवत नव्हती नीट.
नाल झिजलाय, बंदेनवाज म्हणाला,
काँक्रीटवर घसरती,
आणि नालबंदाचा पोरगा आता पंक्चर काढतो.
टांग्याच्या पत्र्यावर पुसट : सवारी चार.
"पाच आले तर?"
"पाचवा मी उतरतो. चालतो बाजूनं."

टिपणी मीच सादर केली.
हौद पूर्ववत करणेबाबत.
आवटी साहेबांची बदली झालेली,
नव्या साहेबांनी निळ्या शाईत लिहिलं :
वापर सिद्ध करावा.

आता घोडीची सही कुठून आणू?
चाटलेला गोटा जोडू का परिशिष्ट अ म्हणून?
माणूस तहानला की अर्ज करतो,
मोर्चा काढतो, निदान बाटली विकत घेतो.
ही रोज येते,
दोन मिनिटं उभी राहते
आणि वाहतुकीला अडथळा म्हणून नोंदली जाते.

शेवटी संध्याकाळी ऑफिसातली बादली उचलली,
प्यूनच्या नळावर भरली,
चौक ओलांडून नेली. निम्मं पाणी साडीवर.
लोक बघत होते. बघू देत.
गुलछडीपुढं ठेवली,
पाच वर्षांचा शेरा खोडायला
एक बादली पुरेल असं वाटलं मला.

तिनं वास घेतला
आणि मान फिरवली.

बंदेनवाजनं बोट बुडवून नाकाशी नेलं.
"फिनेलची हाय बाई ही बादली."
हसला नाही, रागावलाही नाही.
"उद्या दुसरी आणा.
आणि जरा लवकर. पाचच्या गाडीला आमी नसतो."