टाके पाच

खराडीत सातव्या मजल्यावर रात्री सव्वा वाजता
न दिसणारा एक ब्राउझर
माझ्या वतीनं दार उघडतो, नाव भरतो, जन्मतारीख भरतो,
कुठल्याशा दवाखान्याच्या पानावर
कधीच न जन्मलेल्या रुग्णासाठी वेळ मागतो
आणि पडतो.
तिसरी रात्र.

लाल अक्षरांत एवढंच: काम पूर्ण झालं नाही.
बरं.
म्हणजे कुठलं?

सोडवायला घेते.
पहिल्या थराखाली: अपॉइंटमेंट घेता आली नाही.
त्याखाली: पान पुढे सरकलं नाही.
त्याखाली, हर्षल बिडवेनं गुंडाळलेलं:
बटण सापडलं नाही.
आणि त्याखाली काहीच नाही.
मूळ चूक हातात आली तेव्हा त्यानं स्वतःचं एक वाक्य लिहिलं
आणि ती दिली टाकून,
खोकं ठेवून पेढे टाकावेत तशी.
हर्षल गेला बंगळूरला, दीडपट पगारावर.
त्याला आता फोन करून विचारू तरी काय?

आणि मी तरी. मीही केलंय हे.
उद्यावर डेमो आलेला असतो,
खालून आलेली किंकाळी
वरच्यांना ऐकवण्याजोगी करायची असते.

माझे वडील ससूनमध्ये ड्रेसर होते.
एकतीस वर्षं लोकांच्या पट्ट्या सोडल्या, बांधल्या.
घरी त्याबद्दल अवाक्षर नाही, हात मात्र
जेवणाआधी तीनदा धुवायचे.
एकदाच मी डबा घेऊन गेले होते, सातवीत असताना.
भोसरीच्या लेथवर बोटं गेलेला एक माणूस
छताकडे बघत बसला होता,
आणि बाबा थेंब थेंब सलाइन सोडत
शेवटचा थर भिजवत होते. किती वेळ.
ओढला तर कापडाबरोबर मांस येतं, म्हणाले,
मग कळत नाही जखम आधीची की आपण केलेली.
नवी पट्टी बांधून झाल्यावर
चिकटपट्टीवर निळ्या पेननं लिहिलं:
तारीख. टाके पाच. ल. साबळे.
कशाला? मी विचारलं.
उद्या सोडणारा मी नसेन, म्हणाले.

हर्षलची ओळ काढली.
ब्राउझरला म्हटलं, दिस बाबा एकदा.
तो पडद्यावर आला, हळूहळू भरत गेला रकाने,
आणि बटण होतं.
जिथं असायला हवं तिथंच, हिरवं, ‘पुढे जा’ लिहिलेलं.
त्याच्यावर कुकीजची परवानगी मागणारी एक पाटी
येऊन बसली होती,
बंद दुकानाच्या पायरीवर
दुपारी कुणी टेकावं तशी, निवांत.
सापडलं नाही कसलं, सापडलं होतं.
बोट पोचत नव्हतं.
तीन रात्री आम्ही हरवलेलं म्हणून शोधत होतो
झाकलेल्याला.

पाटी बाजूला करायच्या दोन ओळी लिहिल्या.
मग पुन्हा गुंडाळलं. गुंडाळावं लागतंच,
सकाळी साडेनऊला शबाना तांबोळीला
कुणी उघडी जखम दाखवत नाही.
वर माझं वाक्य: कुठलं पान, कितवी पायरी, किती सेकंद वाट पाहिली.
आत मूळ चूक, आली तशी,
तिच्या ओबडधोबड भाषेत,
एकही शब्द न पुसता.

दोन वाजून दहा. सगळं हिरवं.
खाली वॉचमननं खुर्ची सरकवल्याचा आवाज.

फोनवर बाबांचे दोन मिस्ड कॉल,
पावणेअकराचा, अकराचा.
मग मेसेज, एका बोटानं टाइप केलेला:
काही नाही. सहज केला होता.

पुन्हा वाचते.
त्या ‘सहज’ला हात लावते, ओढत नाही.
सकाळी थेट हडपसरला जाईन, इडली घेऊन.
आधी पाण्याच्या टँकरचं बोलेन,
शेजारच्या बिडकरांच्या कुत्र्याचं बोलेन,
चहा होईल, दुसरा होईल,
मग.